पेटी टिकते, कॅमेरा बदलतो

पाण्याखालच्या चित्रीकरणाचा इतिहास कॅमेऱ्यांच्या नावांनी सांगितला जातो. खरे तर तो पेट्यांचा इतिहास आहे. १८९३ मध्ये फ्रान्सच्या बान्यूल्स किनाऱ्यावर लुई बुताँ यांनी कॅमेरा जलरोधक पेटीत घातला. पेटीला रबरी फुगा जोडलेला होता. खोलवर पाणी फुगा दाबी, त्यातली हवा पेटीत शिरे आणि आतबाहेरचा दाब सारखा राही. म्हणजे दाबाचे कोडे तेव्हाच बरेचसे सुटले होते.

खरी अडचण बटणांची. १९५० च्या दशकातली हान्स हास यांची रोलायमारिन पेटी रोलायफ्लेक्स कॅमेऱ्यासाठीच घडवलेली होती. कॅमकॉर्डरची मॉडेल्स तर भराभर बदलली. बटण जरा सरकले की पेटीबाहेरची दांडी भलतीकडेच टेकते. सोनीच्या लँक जोडणीने हुकूम वायरीतून जाऊ लागले आणि जुन्या पेटीत नवा कॅमेरा बसण्याची शक्यता वाढली. कोणी म्हणेल, १९६३ च्या निकोनॉसला पेटी कुठे लागली? खरे आहे, पण तो स्थिरचित्रांचा कॅमेरा होता; कॅमकॉर्डरची अडचण त्याने सुटली नाही. म्हणून जुनी पेटी घेताना काचेआधी जोडणी तपासा, पाणी अडवणारी ओ-रिंग नवी घाला आणि पहिली बुडी रिकाम्या पेटीलाच द्या.