आच्छाडला कायदा संपत नाही

महाराष्ट्र-गुजरात सीमेवरचा आच्छाडचा नाका ओलांडला की वाहतुकीचा कायदा बदलतो, हे मत तलासरी-डहाणूत इतके रूढ आहे की त्याला कोणी पुरावा मागत नाही. आम्ही मागतो.

प्रतिपक्षाची बाजू पोकळ नाही. सप्टेंबर 2019 मध्ये मोटार वाहन कायद्याचे वाढीव दंड आले. गुजरातने हेल्मेट नसल्याचा दंड हजारावरून पाचशेवर आणला. महाराष्ट्राने वाढीव दंड रोखून धरले, ते डिसेंबर 2021 मध्ये लागू केले. मधल्या काळात गुजरातने शहरांच्या हद्दीत हेल्मेटची सक्ती सैल केल्याचेही जाहीर केले. मग कायदे दोन नाहीत, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

पहिले उत्तर असे. राज्ये ठरवतात ती तडजोडीची रक्कम. खटला कोर्टात न नेता जागीच मिटवण्यासाठी कलम 200 ने दिलेली सवलत. हेल्मेटचे बंधन आले ते कलम 129 मधून, संसदेच्या 1988 च्या कायद्यातून. तो तलासरीत आहे तसाच गुजरातेतल्या भिलाडला आहे. दंड उतरला म्हणून गुन्हा पुसला जातो काय?

दुसरा दाखला दारूचा. गुजरातेत दारूबंदी, उधव्यापलीकडे दादरा-नगर हवेलीतल्या खानवेलला ती खुली, आपल्याकडे परवान्याची. पिण्याचे कायदे खरोखरच तीन आहेत. पण चालकाच्या रक्तातील मर्यादा तिन्हीकडे एकच: 100 मिलिलिटरला 30 मिलिग्रॅम. पिण्याचा कायदा बदलतो, हाकण्याचा नाही.

यावर कोणी म्हणेल, सायकलला तर कायदाच नाही. हेही चूक. 1951 च्या मुंबई पोलीस कायद्याचे कलम 33 रस्त्यावरच्या सायकलस्वाराचा नाव घेऊन उल्लेख करते. तेव्हा आज गुजरातेत असलेले उंबरगाव ठाणे जिल्ह्यातच होते. 1960 साली राज्ये वेगळी झाली, पुढे कायद्याला महाराष्ट्र आणि गुजरात अशी दोन नावे मिळाली. मूळ एकच.

आता खरी गंमत. घटनेने यंत्रावर चालणारी वाहने समवर्ती सूचीत ठेवली आणि बिनयंत्राची राज्यसूचीत. म्हणजे राज्याची हद्द खऱ्या अर्थाने कोणासाठी असेल, तर ती बोर्डीहून उंबरगावला पायडल मारत जाणाऱ्यासाठी! 2019 च्या दुरुस्तीने सायकलस्वार व पादचाऱ्यांसाठी, महामार्गावरसुद्धा, नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. तो इतका पडून राहिला की ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सहा महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली.

जिथे राज्याला वेगळा कायदा करता येतो, तिथे कोणाचे लक्ष नाही. जिथे संसदेचा कायदा एकच आहे, तिथे मात्र नाका मागे पडताच हेल्मेट डोक्यावरून हँडलला येते. कायदा बदलला की डोके, निवाडा वाचकांनी करावा.