वळिवडे येथील पोलिश छावणी : कौटुंबिक जीवनाच्या दृष्टीने एक टिपण

अक्कलकोट असो वा कोल्हापूर, दक्षिणी संस्थानांच्या इतिहासाचा विचार बहुधा गादी, तह आणि विलीनीकरण यांपलीकडे जात नाही. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूर संस्थानाच्या भूमीवर वसलेल्या एका परकीय वस्तीकडे अभ्यासकांचे यावे तितके लक्ष गेलेले नाही. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरनजीक वळिवडे येथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत स्त्रिया व मुले यांचाच भरणा अधिक होता.

या कुटुंबांचा खरा बंदिवास भारतात येण्यापूर्वीचा होय. १७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत सैन्य पूर्व पोलंडमध्ये शिरले. फेब्रुवारी १९४० ते जून १९४१ या अवधीत तेथील कुटुंबेच्या कुटुंबे सैबेरिया, कझाकस्तान आदी दूरच्या प्रदेशांत हद्दपार करण्यात आली. तेथे भाकरीचा वाटा केलेल्या कामावर ठरे. सबब आजारी व वृद्ध यांचे हाल सर्वाधिक झाले. जुलै १९४१ च्या करारानंतर सुटका होऊन १९४२ मध्ये अनेक जण कॅस्पियन समुद्रमार्गे इराणात आले. धडधाकट पुरुष पोलिश सैन्यात दाखल झाले, आणि कुटुंबाची धुरा स्त्रियांकडे आली.

याच काळात सातारा व पुरंदर येथे जर्मन नागरिकांची कुटुंबे शत्रुदेशीय म्हणून स्थानबद्ध होती. वळिवड्याची छावणी तशी नव्हती. ती आश्रयाची जागा होती, आणि तिचा खर्च प्रारंभी लंडनस्थित पोलिश सरकारकडे होता. तथापि केवळ या कायदेशीर भेदाने तिचे वैशिष्ट्य स्पष्ट होत नाही. आमच्या मते ते तेथील स्वतंत्र चुलीत आहे. लांबलचक बराकींत प्रत्येक कुटुंबास खोल्या, ओसरी व स्वयंपाकघर मिळे. निर्वाहभत्त्यातून बाजारहाट करून स्त्रिया आपापल्या घरी रांधीत. हद्दपारीत भाकरीचा वाटा अधिकारी ठरवीत. येथे मुलाच्या ताटात काय पडावे हे पुन्हा आई ठरवू लागली. सामुदायिक भटारखान्याने देह जगतात. परंतु घर उभे राहण्यास चूल लागते. शाळा, रुग्णालय, चर्च व बालवीर पथके यांनी या घरांना गावाचे रूप दिले.

अर्थात या स्थैर्यास मर्यादा होती. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली, आणि यांपैकी बहुतेकांची मूळ गावे सोव्हिएत हद्दीत गेली. परतण्यास घर उरले नाही. १९४८ मध्ये छावणी मोडली. अनेक कुटुंबे सैन्यातील आप्तांच्या आधारे ब्रिटनला गेली, तर इतर अन्यत्र पांगली. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित वसले. तेच आजचे गांधीनगर. एका विस्थापित समाजाने सोडलेल्या जागेत दुसऱ्याने चूल पेटविली. संस्थानी इतिहास लिहिताना गादीइतकीच ही चूलही विचारात घेतली पाहिजे.