हुशार आहे, पण सातत्य नाही

प्रगतिपुस्तकाच्या शेवटच्या पानावर 'शिक्षकांचा अभिप्राय' नावाची एक ओळ असते. वर्गात साठ मुलं असली की त्या ओळीत काय लिहायचं हा प्रश्न पडतो. वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून सर्वांत जास्त वेळा लिहिलं गेलेलं वाक्य म्हणजे, 'हुशार आहे, पण सातत्य नाही.' वाक्य खोटं नसतं. पण ते लिहिताना आपण नक्की काय मोजलं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

२०१८ च्या जूनमध्ये हेच वाक्य मला एका वेगळ्या ठिकाणी ऐकू आलं. शाळा नुकतीच सुरू झाली होती. आमचं कोल्हापूर म्हणजे फुटबॉलचं गाव. वर्ल्डकप आला की पेठापेठांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे फलक लागतात, जर्मनीवाले थोडे. आदल्या रात्री कझानमध्ये दक्षिण कोरियाने जर्मनीला २-० असं हरवलं होतं. गतविजेता संघ गटात तळाला राहून घरी निघाला होता. मधल्या सुट्टीत दहावीच्या मुलांची तकरार चालली होती. एक म्हणत होता, "ओझिलमुळं हरली. पळतच नाही तो." दुसरा म्हणत होता, "अरे, पास कुणी दिले मग? पुढच्यांनी गोल मारले नाहीत, ती त्याची चूक?" मी हसून पुढे गेलो. महिनाभराने कळलं, की सगळी जर्मनी याच तकरारीत बुडाली आहे आणि तिथे प्रश्न पळण्याचा राहिलेला नाही.

मेसुत ओझिल. आपल्याकडच्या 'मसूद' या नावाचं हे तुर्की रूप. अर्थ भाग्यवान. जन्म १९८८, गाव गेल्सेनकिर्शेन. पश्चिम जर्मनीतल्या रूर खोऱ्यातलं हे कोळशाचं शहर. ओझिलची गोष्ट या शहराच्या गोष्टीशिवाय कळत नाही.

कोळसा खणायला माणसं लागतात आणि ती बाहेरून येतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पूर्वेकडच्या माझुरिया आणि पोलिश भागांतून हजारो कुटुंबं रूरमध्ये आली. त्यांच्या मुलांनी शाल्के ०४ हा क्लब मोठा केला. १९३४ ते १९४२ या काळात शाल्केने सहा वेळा जर्मनीचं अजिंक्यपद मिळवलं. त्या संघाचे दोन आधारस्तंभ फ्रिट्झ शेपान आणि एर्न्स्ट कुझोरा, दोघेही माझुरियातून आलेल्या घरांतले. विरोधक या संघाला 'पोलाकांचा क्लब' म्हणून हिणवायचे. १९३४ च्या विजयानंतर तर, आमचे खेळाडू जर्मनच आहेत, असा खुलासा क्लबला करावा लागला. म्हणजे गेल्सेनकिर्शेनमध्ये फुटबॉलपटूला 'तू नक्की कुठला?' असं विचारण्याची रीत ओझिलच्या जन्माआधी पन्नास वर्षांपासूनची आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीला पुन्हा हात कमी पडू लागले. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगारभरतीचा करार झाला. येणाऱ्यांना जर्मन भाषेत जे नाव मिळालं, त्याचा शब्दशः अर्थ 'पाहुणा कामगार'. शब्द नीट ऐका. पाहुण्याची सरबराई होते, पण पाहुण्याने जायचं असतं. १९७३ मध्ये भरती थांबली, तोवर माणसं मात्र तिथली झाली होती. ओझिलचे आजोबा याच लाटेत आले. गाव तुर्कस्तानातल्या झोंगुलदाक प्रांतातलं, तोही कोळशाचाच. वडील लहानपणीच जर्मनीत आले आणि मेसुतचा जन्म तिथलाच. तरीही तेव्हाच्या कायद्यानुसार तो जन्माने जर्मन नागरिक नव्हता. कारण नागरिकत्व रक्तावर ठरत होतं, जन्मभूमीवर नाही. तो कायदा बदलला २००० मध्ये. ओझिलने पुढे तुर्की नागरिकत्व सोडलं आणि जर्मनीकडून खेळायचं ठरवलं.

२००९ मध्ये एकवीस वर्षांखालच्या युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जर्मनीने इंग्लंडला ४-० हरवलं. सामन्याचा मानकरी ओझिल होता. त्या संघात नॉयर होता, तसाच ट्युनिशियन वडिलांचा खेदिरा आणि घानाच्या वडिलांचा बोआटेंगही होता. पुढच्या वर्षी हीच मुलं वर्ल्डकपमध्ये इंग्लंडला चार आणि अर्जेंटिनाला चार गोल मारून आली. जर्मनी खूश होती. ऑक्टोबर २०१० मध्ये बर्लिनला जर्मनी विरुद्ध तुर्कस्तान सामना झाला. ओझिलने गोल केला आणि आनंद साजरा केला नाही. प्रेक्षकांतल्या तुर्की वंशाच्या लोकांनी त्याच्यावर शिट्ट्यांचा मारा केला होता. सामना संपल्यावर चान्सलर मर्केल खेळाडूंच्या खोलीत गेल्या आणि ओझिलशी हस्तांदोलन करतानाचा त्यांचा फोटो देशभर छापून आला. त्याच वर्षी त्याला 'एकात्मते'चा बांबी पुरस्कारही मिळाला. बावीस वर्षांच्या पोराला पास चांगले देतो म्हणून नव्हे, तर जर्मन समाजात नीट मिसळला म्हणून बक्षीस! तेव्हा कुणाला ते खटकलं नाही. माझ्या मते पुढच्या सगळ्या गोष्टीचं बी तिथेच पडलं. मिसळण्याबद्दल बक्षीस मिळतं, याचा अर्थ ते कधीतरी परतही मागितलं जातं.

आता खेळाकडे येऊ. सप्टेंबर २०१३ मध्ये लंडनच्या आर्सेनल क्लबने रिअल माद्रिदकडून ओझिलला सुमारे सव्वाचार कोटी पौंडांना घेतलं. क्लबच्या इतिहासातली तोवरची ती सर्वांत मोठी खरेदी. आर्सेनलच्या चाहत्यांत तेव्हापासून जे दोन तट पडले, ते तो जाईपर्यंत कायम राहिले.

एका तटाचं म्हणणं असं: मोठ्या सामन्यात तो गायब होतो, चेंडू गेला की परत मिळवायला धावत नाही, खांदे पाडून चालतो. त्यांच्याकडे पुरावाही होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये बायर्नविरुद्ध त्याने मारलेली पेनल्टी नॉयरने अडवली आणि त्यानंतर तो मैदानावर हरवल्यासारखा फिरत राहिला. दुसऱ्या तटाचं म्हणणं असं: त्याला दिसतं ते इतरांना दिसत नाही. बचावपटूंच्या मधली दोन हातांची फट त्याला आधी दिसते, चेंडू नंतर तिथे पोहोचतो. त्याच मोसमात आर्सेनलने एफए कप जिंकला आणि नऊ वर्षांचा दुष्काळ संपला.

२०१५-१६ चा मोसम तर दोन्ही तटांना पुरून उरला. डिसेंबर संपेपर्यंत ओझिलच्या पासवर लीगमध्ये सोळा गोल झाले होते. थिएरी हेन्रीचा एका मोसमातला वीसचा विक्रम तो सहज मोडणार असं वाटत होतं. उरलेल्या अर्ध्या मोसमात फक्त तीन झाले. एकूण एकोणीस. 'बघा, सातत्य नाही!' हा अभिप्राय लगेच तयार.

पण जरा हिशेब मांडून बघा. गोल होण्याआधीचा पास ओझिलचा, गोल दुसऱ्याचा. त्याच काळात आर्सेनलचा मुख्य आक्रमक ओलिव्हिए जिरू जानेवारीच्या मध्यापासून लीगमधल्या सलग पंधरा सामन्यांत गोल करू शकला नाही. म्हणजे ओझिलच्या वहीतले गुण अंशतः शेजारच्या बाकावरच्या मुलाने घालवले होते. दुसरं कारण खोल आहे. ओझिल ज्या जातीचा खेळाडू, आक्रमकांच्या मागे मोकळा फिरणारा 'दहा नंबर', ती जातच त्या दशकात मैदानावरून हटत होती. चेंडू गमावला की त्याच क्षणी सगळ्यांनी मिळून तो हिसकावायचा, ही पद्धत जर्मन प्रशिक्षकांनीच रूढ केली. तिच्यात चालणाऱ्याला जागा नाही. परीक्षेचा नमुनाच बदलला, तर जुन्या पद्धतीचा हुशार विद्यार्थी 'अनियमित' दिसू लागतो.

तरीही टीका खोटी नव्हती, हे मान्य करायला हवं. ज्या खेळाडूच्या साप्ताहिक साडेतीन लाख पौंड पगाराची बातमी छापून येते, त्याने धावावं ही अपेक्षा गैर नाही. चाहत्यांनी भांडावं. फुटबॉलची मजाच त्यात आहे. तो भांडण्याचा हक्क आमच्या दहावीच्या पोरांनाही आहे.

गोष्ट फिरली ती मे २०१८ मध्ये. ओझिल आणि इल्काय ग्युंदोआन या दोघांनी लंडनमध्ये तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोआन यांच्यासोबत फोटो काढला. ग्युंदोआनही गेल्सेनकिर्शेनमध्येच जन्मलेला. तुर्कस्तानात निवडणूक तोंडावर होती, एर्दोआन यांच्या राजवटीत पत्रकार तुरुंगात होते. त्या फोटोवर राग येणाऱ्यांत लोकशाहीची काळजी असलेले लोक होते, आणि त्यांचा मुद्दा मला आजही रास्त वाटतो. पण त्या रांगेत बाकीचेही घुसले. मग मेक्सिकोकडून पराभव, कोरियाकडून पराभव. अकरा जण खेळले आणि हिशेब एकाच्या नावावर मांडला गेला. ज्या कोरियाच्या सामन्याचं खापर त्याच्यावर फुटलं, त्यात त्याने सहकाऱ्यांना गोलच्या सात संधी तयार करून दिल्या होत्या.

२२ जुलै २०१८, रविवार. ओझिलने राष्ट्रीय संघ सोडला. ब्याण्णव सामने, तेवीस गोल, एक वर्ल्डकप. त्याच्या निवेदनाचा गाभा असा, की जर्मन महासंघाचे अध्यक्ष ग्रिंडेल आणि त्यांच्या समर्थकांच्या लेखी आपण जिंकलो की जर्मन असतो आणि हरलो की स्थलांतरित. त्याने आणखी एक प्रश्न विचारला: क्लोसे आणि पोडोल्स्की पोलंडमध्ये जन्मले, त्यांना कुणी जर्मन-पोलिश म्हणत नाही, मग मीच जर्मन-तुर्की का? शाल्केच्या जुन्या संघाची आठवण ठेवणाऱ्याला या प्रश्नाची गंमतही कळेल आणि वेदनाही. पोलाक म्हणून हिणवलेल्यांना जर्मन व्हायला दोन-तीन पिढ्या लागल्या. तोवर रांगेत नवा पाहुणा उभा होता.

बायर्नचे अध्यक्ष उली हेनेस यांनी उत्तर दिलं, की हा माणूस वर्षानुवर्षं वाईटच खेळतोय. पाहा, वंशाच्या तक्रारीला उत्तर म्हणून सातत्याचा शेरा! इथे दोन वह्या एकमेकींत मिसळल्या. खेळाची एक आणि माणूस 'आपला' असण्याची दुसरी. नंतर डिसेंबर २०१९ मध्ये ओझिलने चीनमधल्या उइगुर मुस्लिमांवरच्या अत्याचारांबद्दल लिहिलं. आर्सेनलने हात झटकले आणि चिनी सरकारी वाहिनीने आर्सेनलच्या सामन्याचं प्रक्षेपण रद्द केलं. मार्च २०२० नंतर तो आर्सेनलकडून एकही सामना खेळला नाही. ते खेळामुळे की बोलण्यामुळे, यावर दोन तट अजून भांडतात. वह्या एकदा मिसळल्या की असं होतं. खरा गुण कोणता आणि राग कोणता, हे वेगळं काढता येत नाही.

ओझिलला मला हुतात्मा करायचं नाही. २०१९ मध्ये त्याच्या लग्नात एर्दोआन साक्षीदार होते आणि पुढे तो त्यांच्या पक्षातही गेला. उइगुरांसाठी बोलणाऱ्याने तुर्कस्तानातल्या कैद्यांसाठीही बोलायला हवं होतं. दुसरीकडे ग्युंदोआन थांबला, शिट्ट्या सोसल्या आणि २०२४ च्या युरो स्पर्धेत जर्मनीचा कर्णधार म्हणून मैदानात उतरला. त्याच्यामुळे जर्मनी सुधारली, असं म्हणता येईल. किंवा असंही, की त्याला कमी चुका करायची मुभा होती आणि त्याने ती पाळली. मला दुसरं खरं वाटतं.

हे सगळं वाचत असताना मला माझ्याच वर्गातला एक मुलगा आठवत राहिला. बिहारकडचं कुटुंब, वडील बांधकामावर. गणित असं, की फळ्यावरचं उदाहरण मी पुरं लिहायच्या आत उत्तर सांगायचा. मग आठ-आठ दिवस गैरहजर. मी त्याच्या पुस्तकात तेच वाक्य लिहिलं होतं. तेवढ्यावर थांबलो असतो तर हरकत नव्हती. पण शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना मी म्हणालो होतो, "या लोकांचं असंच असतं, आज इथं, उद्या तिथं." त्याच वर्गात गल्लीतला एक मुलगाही तितकाच दांड्या मारायचा. त्याच्याबद्दल मी म्हणायचो, "आळशी आहे लेकाचा." एकाचा दोष त्याचा स्वतःचा, दुसऱ्याचा दोष त्याच्या लोकांचा. आणि हे बोलणारा मी. 'तुम्ही लोक' हे दोन शब्द आयुष्यभर ऐकत आलेला माणूस!

तो मुलगा सहामाहीनंतर गेला. काम संपलं असेल, कुटुंब पुढच्या गावाला गेलं असेल. मी चौकशी केली नाही.

अभिप्रायाची ओळ अजून भरावी लागते. सातत्य नसेल तर नाही असंच लिहितो, त्यात मुलाचं भलं आहे. फक्त लिहून झाल्यावर शेजारच्या मुलाचं पुस्तक उघडून पाहतो. तीच चूक, तीच शाई, तेच शब्द आहेत ना?