तीन आणि चाळीस : मानसोपचारातील एका चुकलेल्या अंदाजाचा इतिहास

१/ समोर बसलेल्या रुग्णाची प्रकृती खालावते आहे, हे मानसोपचारतज्ज्ञाला ओळखता येते का? २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने याचे उत्तर आकड्यांत दिले. ते अस्वस्थ करणारे होते.

२/ वादाची सुरुवात १९५२ मधली. सौम्य मनोविकारांचे सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण मानसोपचारांवाचूनही दोन वर्षांत सुधारतात, असे लंडनच्या हान्स आयझेंक यांनी मांडले. त्यांच्या आकडेमोडीवर कठोर टीका झाली. मात्र पुरावा देण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्यांवर येऊन पडली.

३/ १९७७ मध्ये मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास यांनी सुमारे ३७५ अभ्यास एकत्र तपासले. मानसोपचारांचा सरासरीने लाभ होतो, असा निष्कर्ष निघाला. पण सरासरीच्या आड बिघडत जाणारे रुग्ण दिसेनासे होतात.

४/ १९९६ मध्ये केनेथ हॉवर्ड व सहकाऱ्यांनी प्रश्नच बदलला : हा उपचार ‘या’ रुग्णाला लागू पडतो आहे का? त्याच सुमारास मायकेल लॅम्बर्ट आणि गॅरी बर्लिंगेम यांनी ४५ प्रश्नांची प्रश्नावली घडवली. रुग्णाने ती सत्रापूर्वी भरायची. अपेक्षित सुधारणेशी गुणांची तुलना होऊन पांढरा, हिरवा, पिवळा वा लाल संकेत मिळे.

५/ मग आला २००५ चा अभ्यास. रुग्ण ५५०. सुमारे ८ टक्के रुग्ण बिघडतात, हे तज्ज्ञांना आधीच सांगितले होते. तरीही त्यांनी बिघडतील म्हणून केवळ ३ जण निवडले. प्रत्यक्षात ४० जणांची प्रकृती खालावली. त्या तिघांपैकी अंदाज खरा ठरला तो एकाच्याच बाबतीत. प्रश्नावलीवर आधारित गणिताने मात्र त्या ४० पैकी बहुतेकांना हेरले होते.

६/ याचा अर्थ तज्ज्ञ निष्काळजी होते, असा नव्हे. आपल्या प्रयत्नांना यश येईल, ही आशा त्यांच्या व्यवसायाचाच भाग असते. पण तीच आशा धोक्याची खूण झाकू शकते.

७/ लॅम्बर्ट यांच्या चाचण्यांत, लाल संकेत तज्ज्ञापर्यंत पोहोचला तेव्हा धोक्यातील रुग्ण बिघडण्याचे प्रमाण घटले. पुढील आढाव्यांत हा लाभ सर्वत्र सारखा आढळला नाही. संकेत मिळाल्यावर उपचाराची दिशा बदलली नाही, तर तो कागदावरच राहतो.

८/ २००८ पासून इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने प्रत्येक सत्रात अशी मोजणी सुरू केली. चाळीसपैकी एकोणचाळीस जण ज्यांच्या नजरेतून निसटले, त्यांच्यासाठी उपाय साधाच होता : रुग्णालाच विचारावे, आणि त्याचे उत्तर पुरावा मानावे.