संगणकाच्या आज्ञा इतक्या तोकड्या का?

दरेकसा हे मुंबई–हावडा लोहमार्गावरील गोंदिया जिल्ह्यातले छोटे स्थानक. याच मार्गावरच्या गोंदियाचे रेल्वेतील सांकेतिक नाव ‘जी’ हे एकच इंग्रजी अक्षर आहे. तारयंत्राच्या काळात प्रत्येक अक्षर हाताने पाठवावे लागे. नावे आखूड असणे सोयीचे होते. तारयंत्र गेले, नावे राहिली. शाळेच्या संगणकात लिनक्स असेल, तर त्याच्या आज्ञांमागेही असाच इतिहास आहे.

लिनक्स ज्या युनिक्सच्या धर्तीवर घडले, त्याची सुरुवात केन थॉम्सन आणि डेनिस रिची यांनी 1969 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केली. तेव्हा टेलिटाइप हे कागदावर छापणारे यंत्र वापरात होते. त्याच्या 33 क्रमांकाच्या नमुन्याचा वेग होता सेकंदाला 10 अक्षरे, आणि कळा जड. म्हणून ‘लिस्ट’चे ‘एलएस’ झाले, ‘कॉपी’चे ‘सीपी’. काम नीट झाले तर यंत्र काहीच छापत नसे. ‘एड’ हा मजकूर-संपादक तर चूक झाली की फक्त प्रश्नचिन्ह छापी.

1976 मध्ये बर्कली येथे बिल जॉय यांनी पडद्यावर चालणारा ‘व्हीआय’ हा संपादक लिहिला. त्यांच्याकडे दूरध्वनीवरून येणारी जोडणी सेकंदाला सुमारे 30 अक्षरे देई. 24 ओळी, प्रत्येकीत 80 अक्षरे, म्हणजे 1920 अक्षरांचा पडदा भरायला 64 सेकंद! साहजिकच आज्ञा एका कळीच्या ठेवल्या गेल्या. तीच कळ कधी अक्षर उमटवते, कधी मजकूर पुसते. नवखा विद्यार्थी इथेच अडतो. त्याला बाहेर पडण्याची वाटही सापडत नाही.

1981 मध्ये मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी यावर जाहीर टीका केली: नावांत सुसंगती नाही, यंत्र गप्प राहते, चुकीपासून संरक्षण नाही. टीका रास्त होती. पण या मौनाचा उपयोगही होता. 1973 पासून एका आज्ञेचे उत्तर थेट दुसऱ्या आज्ञेला पुरवता येऊ लागले. मध्येच ‘काम झाले’ असे शब्द आले असते, तर ते माहितीत मिसळले असते.

मग संगणकात मुळातच कोणते साधन नेमलेले असावे? ‘व्हीआय’ बहुतेक अशा सर्व प्रणालींत सापडतो. दूरचा संगणक दुरुस्त करणाऱ्याला त्याचा भरवसा वाटतो. 1999 मध्ये आलेला ‘नॅनो’ मुख्य आज्ञा पडद्याच्या तळाशी दाखवतो; उबुंटूसारख्या प्रणालींत तोच नेमलेला असतो. ही निवड करताना समोर कोण बसणार आहे, हे ठरवावे लागते. वर्गात नवखे बसणार असतील, तर शिक्षकांनी ती जरूर बदलावी.

एखादी मुलगी ‘मला हे जमत नाही’ म्हणाली, तर तिला आज्ञा पाठ करायला लावण्याआधी फळ्यावर 1920 ला 30 ने भागून दाखवा. अडचण तिच्या बुद्धीत नाही, पन्नास वर्षांपूर्वीच्या संथ यंत्रात आहे, हे तिला कळेल.