शॉर्ट ट्रॅक मोटारशर्यती आणि करोनाकाळ (अमेरिका, २०२०–२१)

अमेरिकेत गावोगावी लंबगोल ट्रॅकवर दर आठवड्याला होणाऱ्या मोटारशर्यतींवर करोनाच्या साथीत आलेले निर्बंध, त्यांतून ट्रॅकचालकांनी व प्रेक्षकांनी काढलेल्या वाटा आणि त्यावरून उभे राहिलेले न्यायालयीन वाद यांविषयीची नोंद. एक मैलापेक्षा (सु. १.६ किमी.) कमी लांबीच्या ट्रॅकला शॉर्ट ट्रॅक म्हणतात.

स्वरूप : ट्रॅक डांबरी किंवा मातीचे असतात. हंगाम साधारणपणे वसंतात सुरू होऊन शरदात संपतो. बहुतेक ठिकाणी शर्यत शनिवारी रात्री असते. मातीचा ट्रॅक तयार करणे हे जाणकाराचे काम आहे. शर्यतीआधी चिकणमातीला पाणी पाजतात आणि जड गाड्या फिरवून ती दाबून बसवतात. ओल कमी पडली की धुळीने समोरचे दिसेनासे होते, जास्त झाली की चाके घसरतात. वळणावर गाडी तिरकी झाली की मागच्या चाकांनी उडालेली ढेकळे कुंपणापलीकडच्या बाकांवर येऊन पडतात. तिथे बसणारे नेहमीचे प्रेक्षक डोळ्यांवर चष्मा चढवूनच बसतात. ड्रायव्हर बहुधा आठवडाभर नोकरीधंदा करणारे स्थानिक लोक असतात. बाकावरचा प्रेक्षक पुष्कळदा त्यांचा शेजारी, गिऱ्हाईक किंवा नातेवाईक असतो.

अर्थव्यवहार : ट्रॅकची कमाई दोन दारांवर होते. पुढच्या दारावर प्रेक्षकांची तिकिटे विकली जातात, तर मागच्या दारावर ड्रायव्हर व मेकॅनिक यांना पिटचे (गाड्या उभ्या करून तयार करण्याच्या जागेचे) पास विकत घ्यावे लागतात. खाण्यापिण्याचे स्टॉल आणि स्थानिक दुकानांच्या जाहिरातींचे फलक ही त्याखालोखालची साधने. राष्ट्रीय मालिकांना दूरचित्रवाणीच्या हक्कांचे पैसे मिळतात. गावच्या ट्रॅकला तो आधार नसतो. त्यामुळे ‘शर्यत घ्या, पण प्रेक्षक नकोत’ ही सवलत मोठ्या मालिकांना तारणारी होती, तर लहान ट्रॅकच्या दृष्टीने ती बंदीच्या जवळ जाणारी होती.

टाळेबंदी : १३ मार्च २०२० रोजी नॅस्कार या राष्ट्रीय पातळीवरच्या मोटारशर्यती भरवणाऱ्या संस्थेने अटलांटातील शर्यत लांबणीवर टाकली. त्यापाठोपाठ देशभरच्या शर्यती थांबल्या. निर्बंध घालण्याचा अधिकार राज्यांकडे असल्याने नियम राज्याराज्यांत वेगळे होते. साउथ डकोटातील पार्क जेफरसन ट्रॅकने एप्रिलअखेर सुमारे ७०० प्रेक्षकांना प्रवेश देऊन शर्यत घेण्याचे जाहीर केले होते. टीका झाल्यावर ती प्रेक्षकांविना घेण्यात आली.

प्रेक्षकांविना शर्यती : ८ मे २०२० रोजी आयोवातील नॉक्सव्हिल रेसवे या अर्ध्या मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर ‘वर्ल्ड ऑफ आउटलॉज’ ही स्प्रिंट कारची (हलक्या, उघड्या चाकांच्या शर्यतीच्या गाड्यांची) मालिका रिकाम्या बाकांसमोर पुन्हा सुरू झाली. डेव्हिड ग्रॅव्हेल विजयी झाला. रसिकांनी ती पैसे भरून इंटरनेटवर पाहिली. १७ मे रोजी डार्लिंग्टन येथे नॅस्कारही परतले. सराव नाही, पात्रता फेरी नाही, थेट शर्यत, अशी त्या दिवसाची आखणी होती. केविन हार्विक ती जिंकला. ओहायोतील एल्डोरा या मातीच्या ट्रॅकने आपल्या गाजलेल्या ‘वर्ल्ड १००’ या शर्यतीऐवजी त्या वर्षी प्रेक्षकांविना वेगळी शर्यत घेतली.

एस स्पीडवे प्रकरण : नॉर्थ कॅरोलायनातील ॲलामान्स काउंटीत, ऑल्टमहॉ येथे, एस स्पीडवे हा सुमारे ६४० मी. लांबीचा ट्रॅक आहे. गव्हर्नर रॉय कूपर यांच्या मे २०२० मधील आदेशाने उघड्यावरच्या जमावाला २५ जणांची मर्यादा घातली होती. तरीही २३ मे रोजी एस स्पीडवेने हंगाम सुरू केला आणि सुमारे अडीच हजार प्रेक्षक आले. ३० मे व ६ जूनलाही शर्यती झाल्या. ६ जूनच्या फलकावर हा कार्यक्रम म्हणजे अन्याय आणि विषमता यांविरुद्धचा शांततामय निषेध असल्याचे लिहिले होते. गव्हर्नरांच्या आदेशातून निषेध-सभा वगळलेल्या होत्या आणि जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूनंतर देशभर मोर्चे निघत होते, हे लक्षात घेतले म्हणजे फलकाचा अर्थ उलगडतो. काउंटीच्या शेरीफने ट्रॅकवर कारवाई करण्यास नकार दिला.

८ जून रोजी राज्याच्या आरोग्य खात्याने हा ट्रॅक सार्वजनिक आरोग्यास तातडीचा धोका असल्याचे ठरवून तो बंद करण्याचा हुकूम काढला. ११ जून रोजी राज्याच्या दाव्यावरून न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला आणि ट्रॅक बंद झाला. पुढे राज्याने मूळ दावा मागे घेतला, पण ट्रॅकचा प्रतिदावा उरला. त्यात दोन मुद्दे होते. राज्याच्या घटनेने प्रत्येकाला दिलेला स्वकष्टाचे फळ उपभोगण्याचा हक्क हिरावला गेला, हा पहिला. इतर ट्रॅकवरही शर्यती होत असताना, ट्रॅकचालकाने आदेशाला उघडपणे विरोध केला म्हणून याच ट्रॅकवर कारवाई झाली, हा दुसरा. प्रतिदावा फेटाळण्याची राज्याची विनंती खालच्या न्यायालयाने अमान्य केली. २०२२ मध्ये अपील न्यायालयाने आणि २३ ऑगस्ट २०२४ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तोच निर्णय कायम ठेवला. निकालपत्र न्या. रिचर्ड डिट्झ यांनी लिहिले. ट्रॅकचे आरोप खरे आहेत असे या निकालाने ठरवले नाही. ते खरे धरले तर दावा चालण्याजोगा आहे, एवढेच ठरवले. आरोग्याच्या नावाने काढलेला हुकूमही पोटापाण्याच्या हक्कासमोर तपासला जाईल, हे तत्त्व मात्र एका गावच्या शर्यतीमुळे निकालपत्रात आले.

बंद राहिलेले हंगाम : नॉर्थ कॅरोलायनातील विन्स्टन-सेलम येथील बोमन ग्रे स्टेडियम हा फुटबॉलच्या मैदानाभोवतीचा पाव मैलाचा ट्रॅक. १९४९ पासून तिथे नॅस्कारच्या साप्ताहिक शर्यती होत आल्या, पण २०२० चा हंगाम पूर्ण रद्द झाला. न्यूयॉर्क राज्यातील ऑस्वेगो स्पीडवेचा हंगामही झाला नाही.

आभासी शर्यती : २२ मार्च २०२० पासून नॅस्कारचे ड्रायव्हर घरबसल्या संगणकावर शर्यती खेळू लागले व त्या दूरचित्रवाणीवर दाखवल्या गेल्या. ९ मे रोजीची शर्यत नॉर्थ कॅरोलायनातील नॉर्थ विल्क्सबरो या ट्रॅकच्या संगणकीय प्रतिकृतीवर झाली. खऱ्या ट्रॅकवर १९९६ नंतर नॅस्कारची मुख्य मालिका आली नव्हती. नॅस्कारचे माजी ड्रायव्हर डेल अर्नहार्ट कनिष्ठ यांच्या पुढाकाराने या प्रतिकृतीसाठी डिसेंबर २०१९ मध्ये तिथले गवत काढून ट्रॅकचे मोजमाप करून ठेवण्यात आले होते.

नंतरचा काळ : २०२१ मध्ये बहुतेक ट्रॅक प्रेक्षकांसह सुरू झाले. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनाने केंद्राच्या साथनिवारण निधीतून नॉर्थ विल्क्सबरोच्या दुरुस्तीसाठी १ कोटी ८० लाख डॉलर मंजूर केले. मे २०२३ मध्ये तिथे नॅस्कारची ऑल-स्टार शर्यत झाली.

मूल्यमापन : इंटरनेटवरील प्रक्षेपणाने मोठ्या नावाच्या शर्यतींना हात दिला. मात्र शनिवारी रात्री तीस-चाळीस किलोमीटरवरून मुलाबाळांना घेऊन येणारे कुटुंब त्याने ट्रॅकला मिळवून दिले नाही. साप्ताहिक शर्यत ही पाहण्याइतकीच जमण्याचीही गोष्ट आहे. जत्रेतला देव घरच्या पडद्यावर दिसला म्हणून जत्रा भरत नाही, तसेच हे. या काळाच्या इतिहासात हुकूम मोडून शर्यत घेणारा ट्रॅक ठळक दिसतो, कारण त्याचे कागद न्यायालयात आहेत. शेजाऱ्यांच्या जिवासाठी कुलूप लावून हंगामभराच्या कमाईवर पाणी सोडणाऱ्या ट्रॅकची नोंद ‘हंगाम रद्द’ या दोन शब्दांत उरकते. त्यांनी सोसलेली झळही या इतिहासात तेवढ्याच मोलाची आहे.