थ्रेड : झुबिन मेहता आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका

नांदेड-लातूरकडे ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की गणेशोत्सवातील मंचावरची चित्रपटगीते आठवतात आणि ‘कंडक्टर’ म्हटले की एस.टी.तला. पाश्चात्त्य अभिजात संगीतातला ऑर्केस्ट्रा म्हणजे ऐंशी-शंभर वादकांचा समूह. त्याचा कंडक्टर स्वतः एकही सूर वाजवत नाही. लय, जोर आणि कोणते वाद्य कितपत ऐकू यावे, हे तो ठरवतो. म्हणूनच ध्वनिमुद्रिकेवर त्याचे नाव असते.

या क्षेत्रात जगभर पोहोचलेले नाव मुंबईचे आहे. झुबिन मेहता यांचा जन्म २९ एप्रिल १९३६ रोजी पारशी कुटुंबात झाला. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक. १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पण युरोपातील वाद्यवृंदांचा नाद मुंबईत ऐकायचा तर तबकडीवरच. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम चार-पाच मिनिटे मावत. एक सिम्फनी पुरी व्हायला अनेक तबकड्या उलटाव्या लागत.

वैद्यकीय शिक्षणाची वाट सोडून १९५४ मध्ये झुबिन व्हिएन्नाला गेले. तेथे हान्स स्वारोव्स्की हे गुरू लाभले, आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिक प्रत्यक्ष ऐकायला मिळाला. तोच नाद आपला आदर्श ठरला, असे ते सांगत आले आहेत. अवघ्या ११ वर्षांनी, १९६५ मध्ये, त्याच वाद्यवृंदासह त्यांनी डेक्का कंपनीसाठी ब्रुकनरची नववी सिम्फनी ध्वनिमुद्रित केली. तेव्हा त्यांचे वय होते २९.

सर्वाधिक कानांपर्यंत पोहोचले ते मात्र वेगळेच काम. १९७२ मध्ये लंडनला त्यांनी पुच्चिनीचा ‘तुरान्दोत’ हा ऑपेरा ध्वनिमुद्रित केला; गायकांत लुचानो पाव्हारोत्ती होते. त्यातील एक गीत बीबीसीने १९९० च्या फुटबॉल विश्वचषकासाठी वापरले आणि ते घरोघरी गेले. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री रोममध्ये तीन गायकांची जी मैफल झाली, तिचेही संचालन मेहतांचेच. तिची ध्वनिमुद्रिका विक्रमी खपली. अभिजाततेच्या कसोटीवर ब्रुकनर सरस, हे मान्य. पण खपाला ती कसोटी ठाऊक नसते.

काही प्रसंग मात्र तबकडीच्या आवाक्याबाहेरचे. इस्रायल फिलहार्मोनिकने १९३८ पासून वाग्नर वाजवणे थांबवले होते, कारण नाझींनी त्याला आपला मानले होते. १९८१ मध्ये तेल अवीवला मेहतांनी कार्यक्रमाच्या शेवटी वाग्नर वाजवू पाहिला. ज्यांना नको असेल त्यांनी जावे, असे आधी सांगितलेही. तरी सभागृहात गोंधळ उसळला. छळछावणीतून वाचलेल्या एकाने मंचाजवळ येऊन अंगावरचे व्रण उघडे करून दाखवले. संगीत राजकारणापलीकडचे असते, हे मेहतांचे म्हणणे त्या व्रणांपुढे अपुरे पडले.

१९९९ मध्ये हाच इस्रायली वाद्यवृंद आणि बव्हेरियाचा जर्मन वाद्यवृंद यांना एकत्र घेऊन त्यांनी बुखेनवाल्ड छळछावणीनजीक माहलरची दुसरी सिम्फनी सादर केली. माहलर जन्माने ज्यू. हीच सिम्फनी त्यांनी १९७५ मध्ये व्हिएन्नात ध्वनिमुद्रित केली होती. आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये, ५० वर्षांच्या संबंधानंतर इस्रायल फिलहार्मोनिकचा निरोप घेतानाही त्यांनी तीच निवडली.